बाहेरचे झास्ट्रो

कर्ट झास्ट्रो समोर नसलेल्या माणसाला सुनावण्यात पटाईत होता. विमान कंपन्या, विमा कंपन्या, राज्याचा गव्हर्नर आणि हवामान सांगणारा तो टीव्हीवरचा दातवाला माणूस, या सगळ्यांना त्यानं आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून असं काही झाडलं होतं की त्यांनी ते ऐकलं असतं तर राजीनामे दिले असते. पण समोर खरा, हाडामांसाचा माणूस येऊन काही मागू लागला की कर्टच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडत. "चालेल की."

आता यात कर्टचा दोष किती आणि शेबॉयगन गावचा किती, हे ठरवणं कठीण आहे. विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. त्याला कोणाच्या घरून निघायचं असलं तरी तो "निघतो" म्हणत नाही. दोन्ही तळहात मांड्यांवर आपटतो, "बरं, तर मग" म्हणतो, आणि यजमान काय ते समजतो. मग दारात अर्धा तास, गाडीपाशी पाव तास, आणि गाडी सुरू झाल्यावर काचेतून दहा मिनिटं. कोणाचं मन दुखावलं जात नाही. कर्ट पाणीखात्यात मीटर तपासायचा. दिवसाची वीस घरं ठरलेली असत, त्यातली सात व्हायची, कारण प्रत्येक घरात कॉफी असे, आणि प्रत्येक घरातून उठायला मांड्या थोपटाव्या लागत.

असा हा माणूस एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांच्या जेवणाला बसलेल्या दीडशे लोकांसमोर, प्रतिज्ञा करून बसला. निमित्त झालं त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं, टॉडचं.

टॉड दरवर्षी बायकोमुलीला घेऊन फ्लोरिडात ओरलँडोला 'किंग्ज हॉलो' नावाच्या पार्कात जायचा आणि पार्कच्याच आत असलेल्या 'कॅसल लॉज'मध्ये उतरायचा. तिथं मनगटाला एक निळा पट्टा देतात. त्यानं खोली उघडते, सरबत मिळतं, आणि पार्क सगळ्यांसाठी उघडायच्या अर्धा तास आधी मागच्या दारानं आत सोडतात. गेल्या वर्षीचा पट्टा टॉडनं अजून काढला नव्हता. त्यानं शेबॉयगनमधली कुठलीही खोली उघडत नव्हती, पण लोक विचारायचे, "हा कसला?" आणि मग टॉड सांगायचा.

या वर्षी कर्टही जाणार होता, कारण त्याच्या मुलीनं, हॅटीनं, एक व्हिडिओ पाहिला होता. रोज सकाळी नऊ वाजता किंग्ज हॉलोच्या दरवाजापाशी दाढीवाला राजा येतो, रांगेत पहिल्या आलेल्या मुलाच्या हातात एक भली थोरली लाकडी किल्ली देतो, आणि ते मूल ती कुलपात घालून फिरवतं. दरवाजा उघडतो, तुताऱ्या वाजतात. हॅटी सात वर्षांची होती. ऑक्टोबरपासून ती गॅरेजच्या दारात बर्फ ओढायचं फावडं घेऊन किल्ली फिरवायचा सराव करत होती. दारावर एक खड्डा पडला होता.

"किल्ली?" टॉड माशाचा काटा काढत म्हणाला. "ती आत राहणाऱ्यांची. साधी गोष्ट आहे, आम्हाला अर्धा तास आधी सोडतात, मग पहिलं कोण असणार? बाहेरच्या हॉटेलात उतरायचं असेल तर पोरीला आत्ताच सांगून टाक. उगाच हिरमोड नको. आमची पायपर फिरवेल या वर्षी, फोटो पाठवू."

हॅटी पलीकडेच बसली होती. तिनं हातातला बटाट्याचा काप खाली ठेवला आणि बापाकडे बघितलं.

तेव्हा कर्टचं डोकं फिरलं. मुद्दा पैशांचा नव्हताच. राजवाड्यात झोपल्याशिवाय माणूस माणसात नाही, हे त्याला मान्य नव्हतं. "डोळे मिटल्यावर सगळ्या हॉटेलात अंधारच असतो," तो उभा राहून म्हणाला. "आम्ही बाहेरच राहणार. आणि किल्ली हॅटीच फिरवणार."

पाद्रीबाबांचा काटाचमचा हवेत थांबला. तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. जोलीन, म्हणजे कर्टची बायको, हिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि कर्ट एवढ्या जोरात बोलतो तेव्हा तो समोरच्या माणसाकडे बघत नसतो, हे तिच्या लक्षात आलेलं होतं. तो कोबीच्या कोशिंबिरीकडे बघत होता.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या मिसेस कोपके कुंपणाशी आल्या. "आम्ही एक्क्याण्णव साली गेलो होतो. बाहेर उतरलो. कठड्यावर वाळत घातलेले पोहायचे कपडे चोरीला गेले बघ, ओले. ओले कपडे चोरतं का रे कोणी? तेव्हा तू आतच राहा." कर्ट म्हणाला, चालेल की. "पण माझी बहीण त्याच साली आत राहिली, तर तिचा घसा बसला तो नाताळपर्यंत. तेव्हा बाहेर राहिलेलं बरं. तू नीट विचार कर, आणि जाताना टोस्टर घेऊन जा." टोस्टर त्यांनी स्वतःचाच आणून दिला. तो न्यावा लागला.

जोलीन एका ऑनलाइन गटात शिरली. तिथं चाळीस हजार आया रात्रंदिवस याच विषयावर बोलत. तिनं भाबडेपणानं विचारलं, आतलं हॉटेल की बाहेरचं? तासाभरात तीनशे उत्तरं आली. दोघींची मैत्री तुटली, आयोवातल्या एकीनं वकिलाचं नाव काढलं, आणि शेवटी एका बाईनं लिहिलं, "मुलं एकदाच लहान असतात, हे विसरणारे बाप बाहेर उतरतात." हे वाक्य कर्टला लागलं. तो तीन दिवस स्वयंपाकघरात त्या बाईला उत्तरं देत फिरत होता. एकही पाठवलं नाही.

हॉटेल त्यानं स्वतः निवडलं. नाव 'पॅल्मेटो ब्रीझ इन'. सकाळचा नाश्ता फुकट, वॉफलचं यंत्र आपलं आपण चालवायचं, पोहायचा तलाव, आणि पानभर मोठ्या अक्षरांत: 'पार्कपासून चार मिनिटं.' कर्टनं त्याची प्रत काढून फ्रिजवर लावली. टॉड आला की कर्ट फ्रिजपाशीच उभा राहून बोलायचा.

दोन दिवस गाडी हाकून सोमवारी दुपारी झास्ट्रो मंडळी पोचली. तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला होता, आणि त्यात एक खुर्ची होती. खोलीतला ए.सी. दर वीस मिनिटांनी खाकरायचा आणि थोडं पाणी टाकायचा. पण खिडकीचा पडदा सरकवला आणि हॅटी ओरडलीच. समोर, झाडांच्या वर, किंग्ज हॉलोच्या बुरुजाचं टोक दिसत होतं.

"बघितलंस?" कर्ट जोलीनला म्हणाला. "लॉजमधून दिसतं का हे? तिथं आत बसलेल्याला बुरुज दिसत नाही, भिंत दिसते."

तो खाली काउंटरवर गेला. "तर मग इथून चार मिनिटं ना?"

"चार मिनिटं, सर," तिथला मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

"कुठल्या रस्त्यानं?"

मुलानं हात लांब केला. खिडकीबाहेर तळं होतं, तळ्यापलीकडे जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे पार्क. तळ्याच्या काठावर पाटी होती: मगरींना खायला घालू नये.

"आणि गाडीनं?"

"गाडीनं पस्तीस. सकाळी पंचावन्न."

कर्टनं हे वर जाऊन सांगितलं नाही. जोलीनला म्हणाला, उद्या आपण जरा लवकर निघू, वाऱ्याचा अंदाज घेऊ. वाऱ्याचा आणि गाडीचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी पावणेसातला तिघं नाश्त्याला उतरली. वॉफलच्या यंत्रापुढे रांग होती. कर्टनं पीठ ओतलं, यंत्र उलटं केलं, ते वाजलं, आणि मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसतं बघितलं. "तुम्ही घ्या ना," कर्ट म्हणाला. असे त्यानं पाच वॉफल भाजले आणि पाचही मागच्यांना दिले. तेवढ्यात गुलाबी जाकीट घातलेली एक बाई त्याच्यापाशी आली.

"गुड मॉर्निंग, कर्ट. मी शेरिल. पार्कला चाललात? मग दरवाजालगत गाडी उभी करायचा पास घेतल्याशिवाय कसे जाल? फुकट आहे. आमच्याबरोबर जरा नव्वद मिनिटं बसायचं, खरा नाश्ता करायचा, एक छानसं घर बघायचं, बस." आणि तिनं त्याच्या शर्टाला नावाचं कार्ड टाचलं. नाव तिनं काउंटरवरून काढलं होतं.

जोलीननं त्याच्या पायावर पाय दिला. कर्टला ते कळलं. पण कार्डावर नाव लिहून झालं होतं. सुवाच्य अक्षर होतं. लिहिलेलं कार्ड वाया घालवायचं म्हणजे कसं दिसतं? शिवाय आजची किल्ली हुकली तरी बुधवार-गुरुवार आहेतच, आणि दरवाजाशी पास असल्यावर काय अडचण? "चालेल की," तो म्हणाला.

खरा नाश्ता म्हणजे टरबूज होतं. मग शेरिलनं दरवर्षी एक आठवडा राहण्यापुरतं विकत घ्यायचं असं एक घर दाखवलं, त्या घराचं लाकडी खेळणं दाखवलं, कर्ट आणि जोलीन त्या घराच्या गच्चीत म्हातारे झाल्याचं चित्र दाखवलं. साडेआठ वाजले. कर्टनं दोन्ही तळहात मांड्यांवर आपटले. "बरं, तर मग."

शेबॉयगनमध्ये एवढ्यावर लोक कोट आणून देतात. शेरिल फ्लोरिडाची. "छान," ती म्हणाली, "तुमचा उत्साह दिसतोय," आणि दुसरी फाईल उघडली.

कर्टनं पुन्हा मांड्या थोपटल्या. जोलीननं थोपटल्या. एकदा दोघांनी एकदम थोपटल्या, तर शेरिलनं मॅनेजरला बोलावून आणलं. त्याला वाटलं, गिऱ्हाईक पेटलं आहे. दहा वाजता कर्टच्या मांड्या हुळहुळायला लागल्या. साडेदहाला मॅनेजरनं विचारलं, "मिस्टर झास्ट्रो, तुम्हाला नेमकं अडतंय कुठे?"

उत्तर हॅटीनं दिलं. तिच्या तोंडाला टरबूज लागलेलं होतं. "डॅडला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तो मांडी थोपटतो."

कर्टचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांत कोणी हे त्याच्यासमोर बोललं नव्हतं, आणि बोललं ते एका मॅनेजरच्या देखत. आता खरं म्हणजे तिथंच नाही म्हणून मोकळं व्हायचं. पण तो म्हणाला, "तसं काही नाही. मला विचाराला वेळ हवाय. मी गुरुवारी सकाळी परत येतो." शेरिलनं लगेच लिहून घेतलं. गुरुवार, सात वाजता. आणि पास दिला. पास शुक्रवारपासून चालू होणार होता. झास्ट्रो गुरुवारी संध्याकाळी परत निघणार होते.

ते पार्कात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. दरवाजा सताड उघडा होता. हॅटीनं कुलपाच्या भोकात बोट घालून बघितलं.

बुधवारी कर्ट पहाटेच उठला. शेरिल यायच्या आत तिघं मागच्या जिन्यानं उतरली, आणि साडेसातला दरवाजापाशी पोचली तेव्हा तिथं कोणीच नव्हतं. कोणीच नाही. समोर कुलूप, कुलपापुढे दोरी, दोरीपाशी ओडेसा नावाची एक जाडजूड वयस्क रखवालदारीण स्टुलावर बसून संत्रं सोलत होती.

"पहिले तुम्हीच," ती म्हणाली.

"आतली माणसं?" कर्टनं हळूच विचारलं. "लॉजमधली?"

"ती इथं कुठली येतायत. त्यांना साडेआठला मागून घेतात. नऊ वाजता ती कुठल्या तरी झोपाळ्यावर उलटी टांगलेली असतात. किल्ली या दाराची आहे, आणि हे दार बाहेरच्यांचं. बावीस वर्षं बसते मी इथं, निळा पट्टा एकदाही बघितला नाही."

कर्टला आभाळ ठेंगणं झालं. टॉड. तीनदा जाऊन आलेला, पट्टेवाला टॉड. त्यानं मनातल्या मनात सगळा चर्चचा हॉल उभा केला, माशांसकट, आणि भाषणाची जुळवाजुळव सुरू केली. ते भाषण इतकं रंगलं की मागून कोणी तरी खोकल्याचं त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. नेब्रास्काहून आलेलं जोडपं होतं. आजीबाईंचा गुडघा दुखत होता, दोरीला टेकता येईल का, म्हणत होत्या. आता गुडघ्याला कोण नाही म्हणेल? मग बाबागाडीवाली एक बाई आली. मग आजीबाईंची नात आली, आजीपाशी उभी राहते म्हणाली. मग दोन जुळी, मग कोणाचे तरी काका. कर्ट प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे सरकत होता आणि हॅटीला खांद्याला धरून मागे घेत होता.

नऊ वाजता राजा आला. त्यानं नेब्रास्काच्या नातीला किल्ली दिली. तिला ती एकटीला फिरेना, तेव्हा राजानं हात लावला. तुताऱ्या वाजल्या.

"अकरा माणसं," हॅटी म्हणाली. तिनं मोजली होती. ती रडली नाही. रडली असती तर कर्टनं तिला उचलून घेतलं असतं, आइस्क्रीम आणलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. "आपण पहिले होतो, डॅड."

त्या दिवशी कर्ट सात पाळण्यांत बसला आणि त्याला एकही आठवत नाही.

संध्याकाळी टॉडचा फोन आला. मागून पायपरचं रडणं ऐकू येत होतं. "अरे, दोन दिवस आम्ही उजाडताच मागच्या दाराशी, आणि किल्लीचा पत्ता नाही. इथं विचारलं तर म्हणतात, ते पुढे असतं. पुढे म्हणजे कुठे? तुला काही माहीत आहे का?"

जोलीन पलंगावरून जोरजोरानं मान हलवत होती. उजवीकडून डावीकडे. कर्टनं ती पाहिली. पण माणसानं सरळ विचारलं होतं.

"पुढचा दरवाजा, टॉड. बाहेरच्यांचा. साडेसातपर्यंत जा."

कर्टनं फोन ठेवला. मग जोलीन उठली. "हे बघ," ती म्हणाली, "हे हॉटेल मला चालतं. ते पाणी मला चालतं. चार मिनिटं पस्तीस झाली, तेही चाललं, मला सोमवारीच कळलं होतं. पण उद्या तू एका जरी माणसाला पुढे घेतलंस, तर त्या पोरीला शेबॉयगनपर्यंत तू एकटा काय ते सांगायचं. दोन दिवस. गाडीत. मी मागे बसेन." आणि तिनं पर्स खांद्याला लावली, दारातून बाहेर गेली आणि परत आत आली. "एक्स्क्यूज मी. माझा गुडघा दुखतोय. मी जरा पुढे उभी राहू?"

"जोलीन, हे काय..."

"मी नेब्रास्काची आहे. राहू का?"

"नाही म्हणजे, तसं नाही, पण..."

"गेले मी पुढे." ती परत बाहेर गेली. तिनं गुडघा केला, बाळ केलं, तान्ह्या जुळ्यांची विधवा आई केली. हॅटीनं उशी पोटाशी धरून एक म्हातारा केला. कर्ट प्रत्येकाला "तसं नाही, पण" म्हणत राहिला. सतराव्या वेळी, मिसेस कोपके होऊन आलेल्या हॅटीला, त्यानं डोळे मिटून "नाही" म्हटलं. हॅटीनं त्याला पाणी आणून दिलं.

गुरुवारी पावणेसातला मागचा जिना बंद होता. रंग चालू होता. पुढच्या दारातून जायचं म्हणजे नाश्त्याच्या खोलीतून जायचं, आणि तिथं शेरिल हातात कार्ड घेऊन उभी होती. कार्डावर नाव लिहून झालेलं होतं. या वेळी खाली एक छोटंसं फूलही काढलं होतं.

"कर्ट. विचार झाला?"

जोलीन थांबली नाही. ती हॅटीला घेऊन सरळ गाडीकडे चालू लागली. हॅटी मात्र मागे वळून बघत होती. कर्टचे हात सवयीनं मांड्यांकडे गेले. पण तो उभा होता, आणि उभ्यानं मांडी थोपटणं नीट जमत नाही.

"शेरिल," तो म्हणाला, "नाही."

ते भलतंच मोठ्यानं आलं. वॉफलची रांग वळून बघायला लागली. "माफ करा," कर्ट म्हणाला. "पण नाही. नको मला ते घर. गच्ची पण नको."

शेरिलनं खांदे उडवले. "ठीक आहे," ती म्हणाली, कार्ड खिशात टाकलं आणि मागच्या माणसाकडे वळली. "गुड मॉर्निंग, मी शेरिल."

कर्ट दोन क्षण तिथंच उभा राहिला. एवढंच? छत कोसळलं नाही, बाई रडली नाही, कोणाचा घसा बसला नाही. आणि यासाठी आपण चव्वेचाळीस वर्षं लोकांचे केक खात बसलो. त्याला स्वतःचा आणि शेबॉयगनचा भयंकर राग आला, आणि तो राग घेऊनच त्यानं गाडी हाकली.

पावणेआठला ते दोरीपाशी होते. पहिले. ओडेसानं आज केळं आणलं होतं. बाबागाडीवाली दुसरी एक बाई आली. कर्ट म्हणाला, नाही. दोन काका आले. नाही. टेक्सासचं एक आख्खं कुटुंब एकसारखे शर्ट घालून आलं. कर्ट पाय फाकवून उभा राहिला आणि म्हणाला, नाही, नाही, आणि तुम्हालाही नाही. त्याला ते आवडायलाच लागलं. एका गृहस्थांनी फक्त किती वाजले ते विचारलं, त्यांनाही नाही मिळालं.

नऊला दहा मिनिटं असताना मागून गलका झाला. "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी, घरचीच माणसं आहेत पुढे." गर्दीतून आधी निळा पट्टा आला, मग टॉड, आणि त्याच्या हाताला धरून पायपर. पायपरचे डोळे सुजले होते.

"आलो बाबा एकदाचे," टॉड म्हणाला. "लॉजमधून इथं यायचं म्हणजे आख्ख्या पार्कला वळसा. बरं झालं तू जागा धरलीस. पायपर, हो पुढे."

पायपर हलली नाही. ती हॅटीकडे बघत होती. बिचारीचा काय दोष, भाचीच ती. आणि टॉडला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे पुढची वीस वर्षं, दर नाताळला, टेबलाच्या एकाच बाजूला बसून बटाटे एकमेकांना द्यायचे.

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे," टॉड हलक्या आवाजात म्हणाला. "आठ वर्षांची झाली ती, पुढच्या वर्षी तिला शोभणार नाही. हॅटी काय, लहान आहे. आणि तुम्ही बाहेर राहणारी माणसं, तुम्हाला केव्हाही परत येता येईल."

कर्टनं खाली बघितलं. हॅटीनं त्याचा हात धरला नव्हता. ती अर्धं पाऊल मागे सरकून तयार उभी होती, काल शिकल्याप्रमाणे.

"हॅटी," कर्ट म्हणाला, "पुढे ये." मग तो टॉडकडे वळला. कोशिंबिरीकडे नाही, टॉडच्या तोंडाकडे. "नाही, टॉड."

"काय नाही?"

"रांग मागून सुरू होते. मागे जा."

"मी आत राहायचे पैसे भरलेत, कर्ट."

"मग आत जा."

ओडेसाच्या हातातलं केळं खाली पडलं. टेक्सासच्या कुटुंबानं शिट्ट्या वाजवल्या. टॉड मनगटावरचा पट्टा गोल गोल फिरवत राहिला. कर्टला वाटलं आता आपण माफी मागणार. त्यानं ओठ दाताखाली दाबून धरला. मागितली नाही.

हॅटीनं मात्र पायपरची बाही ओढली. "तू माझ्या मागे उभी राहा," ती म्हणाली. "दुसरी."

टेक्सासचे लोक सरकले. ते सरकणारेच लोक निघाले.

नऊ वाजता राजा आला आणि त्यानं किल्ली हॅटीच्या हातात दिली. किल्ली तिच्याएवढीच होती. राजानं मदतीला हात पुढे केला, तर हॅटी त्याला म्हणाली, "नाही." मग तिनं गुडघे वाकवले, किल्ली बगलेत घेऊन कुलपात घातली, आणि शेबॉयगनमध्ये गॅरेजसमोरचा फूटभर बर्फ ढकलावा तशी ढकलून उचलली. कुलूप इतकं गर्रकन फिरलं की राजाची दाढी हलली. तुताऱ्या वाजल्या. जोलीन रडत होती आणि फोटो काढत होती, त्यामुळे सगळ्या फोटोंत फक्त फरशी आली.

दरवाजा उघडला आणि गर्दी सुटली. कर्टनं हॅटीला बाजूला ओढलं, एका हातानं दरवाजाची फळी धरून ठेवली, आणि बघता बघता त्याचं तोंड सुरू झालं. "या, या. व्हा पुढे. तुम्ही आधी व्हा ना." बाबागाडी गेली, काका गेले, टेक्सास गेलं, वेळ विचारणारे गृहस्थ गेले, त्यांना त्यानं वेळ सांगितली. पायपर हॅटीला टाळी देऊन गेली. शेवटी टॉड आला. तो क्षणभर थांबला.

"तुमच्या त्या हॉटेलात," तो दुसरीकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी खोल्या मिळतील का?"

"मिळतील की," कर्ट म्हणाला. "चार मिनिटांवर आहे. हो पुढे."

माणसं येतच होती. जोलीननं घड्याळाकडे बघितलं. "आणि आपण आत कधी जायचं?"

हॅटी दुसरी फळी धरून उभी होती.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "आपण पहिले होतो."